पबात मारलेलं बोअर

चार नंबरचं बोअर आम्ही पबात मारलं.

आम्ही कसलं, मी मारलं. वरचे चौदा मीटर खरे, जमिनीतले. खालचे अकरा मी ‘बार्जमन’च्या खिडकीजवळच्या टेबलावर मारले, पेन्सिलीनं. बिअर कागदावर सांडू नये म्हणून डावा हात आडवा धरला होता. ‘निळसर करडी, घट्ट, बारीक भेगांची चिकणमाती’ असं एकदा लिहिलं आणि तिथून पंचवीसपर्यंत खाली बाण ओढला. बाण ओढायला काय लागतं? ना डिझेल लागतं, ना पाठ.

लाज वाटते. वाटायलाच हवी. पण ते दिवस आठवले की लाज एकटी येत नाही. तिच्या मागून विंचच्या इंजिनावर गरम होणाऱ्या पॅटिसांचा वास येतो, दोराचा करकर आवाज येतो, आणि जमिनीच्या पोटातून नुकत्याच वर आलेल्या मातीचा तो थंड, जुन्या समुद्राचा वास येतो. हा वास ज्यानं घेतला नाही त्याला सांगून कळणार नाही. आता कुठे मिळतही नाही. आता मातीचे नमुने प्लास्टिकच्या नळीत झाकून येतात आणि झाकूनच जातात. जो त्यांचा अहवाल लिहितो त्याच्या नखात मातीचा कण नसतो.

ते साल चौऱ्याहत्तर. लंडन, नदीची दक्षिण बाजू, बॅटर्सी. वीजकेंद्राच्या चार धुराड्यांच्या सावलीत रेल्वेचे माल उतरवायचे धक्के होते, कोळशाच्या राशी होत्या, मोडकी गोदामं होती. या सगळ्याच्या खालून विजेच्या जाड तारा नेण्यासाठी एक बोगदा व्हायचा होता. बोगद्याच्या वाटेवर दहा बोअर मारून खाली काय आहे ते कळवायचं, हे काम आमच्या कंपनीला मिळालं होतं. मी बोअरवाला, डेनिस टॅप्ली. चौदाव्या वर्षी शाळा सोडली, तेव्हापासून जमिनीला भोकं पाडत होतो.

मशीनवर दोघं असतात: बोअरवाला आणि दुसरा माणूस. धंद्यातलं नावच ते, ‘दुसरा माणूस’. कागदावर सही बोअरवाल्याची. दुसऱ्याचं नाव कुठेच नसतं. त्यानं पाईप उचलायचे, चिखल उपसायचा, नमुन्याच्या नळ्यांतली माती सुकू नये म्हणून त्यांच्या तोंडावर मेण ओतायचं. माझा दुसरा माणूस युस्टस. जमैकाचा. माझ्याहून बारा वर्षांनी मोठा, एकोणीस वर्षं लंडनच्या मातीत घालवलेला, आणि मातीबद्दल मला जे कळत होतं त्यातलं निम्मं त्यानंच शिकवलेलं. तरी बोअरवाला मी आणि दुसरा माणूस तो. का, ते विचारायची गरज नाही. ‘बार्जमन’चा मालक त्याचा ग्लास वेगळ्या फळीवर ठेवायचा. मी ते बघायचो आणि माझी बिअर प्यायचो. युस्टसनं दोनदा बघितलं आणि तिसऱ्यांदा आत आला नाही. तो बाहेर लॉरीत बसून डब्यातले पॅटिस खायचा.

आमचं मशीन म्हणजे एक लोखंडी तिपाई, एक डिझेलचा विंच, त्यानं ओढायचा दोर आणि दोराच्या टोकाला जड पोलादी नळा. नळा उचलायचा, सोडायचा. उचलायचा, सोडायचा. चिकणमातीत तो धप्पकन बसतो आणि माती तोंडात धरून वर येतो. मग नळ्याच्या खाचेतून पहार घालून ती बाहेर काढायची. लंडनखालची ही माती साबणाच्या वडीसारखी असते. ताजी असताना निळी, दोन दिवस वाऱ्यावर ठेवली की तपकिरी. पाच कोटी वर्षांपूर्वी ती समुद्राचा तळ होती म्हणतात. एकदा युस्टसनं ढेकूळ फोडलं तर आत शार्कचा दात निघाला, काळा, अजून धारदार.

“बघ मालक,” तो म्हणाला, “याला एवढी वर्षं खाली गाडलं तरी चावायचं विसरला नाही. आणि तू सोमवारी सांगितलेलं मंगळवारी विसरतोस.”

मला मालक म्हणायचा ते असं. मान म्हणून नाही, चिमटा म्हणून.

तर चार नंबर. ऑगस्टअखेरची सुट्टी होती, त्याच्या आधीचा शुक्रवार. माझी बायको रीटा समुद्रकाठच्या मार्गेटला जायची पेटी भरून दारात बसली होती आणि विंचचा क्लच सकाळपासून घसरत होता. बोअर नऊ मीटरवर होतं. वर साडेसहापर्यंत भराव आणि गोटे-वाळू, तिथून खाली चिकणमाती. एक, दोन, तीन नंबरातही तेच निघालं होतं. पुढे पंचवीसपर्यंतही तेच निघणार हे मला ठाऊक होतं. शेंबडं पोर सांगेल.

अडचण नळ्यांची होती. दर दीड मीटरवर एक नमुना घ्यावा लागतो, हातभर लांबीच्या नळीत माती ठोकून. नऊपासून खाली अकरा नळ्या हव्यात. मी काय केलं, एकाखाली एक सलग अकरा नळ्या ठोकल्या. चौदा मीटरवर सगळ्या भरल्या. मग प्रत्येकीवर वेगळी खोली लिहिली: नऊ, साडेदहा, बारा, अशी चोवीसपर्यंत.

युस्टस मेणाचं भांडं हातात घेऊन उभा होता.

“यांच्यावर मेण ओतू की पवित्र पाणी?” त्यानं विचारलं.

“ओत ना लेका. माती तीच आहे खालपर्यंत.”

“तुला माती काय पत्र लिहून कळवते? ‘प्रिय डेनिस, खाली सगळं क्षेम’?”

“एक दोन तीन नंबर बघितलेस ना तू?”

“बघितले. तीन बायका बघितल्या म्हणून चौथीच्या मनातलं कळतं का? रीटाला विचारून ये.”

मी चिडलो. तोंडाला आलं ते बोललो. कागदावर सही माझी जाते, तुझी नाही, असं म्हणालो. त्यानं मेण ओतलं, नेहमीसारखं नीट, एक बुडबुडा न ठेवता. मी ‘बार्जमन’मध्ये जाऊन बाण ओढला. संध्याकाळी मार्गेटला होतो.

असं फक्त मीच करायचो असं नाही. त्या काळात निम्म्या लंडनखालची माती कोणत्या ना कोणत्या पबात बसून लिहिलेली आहे. मीटरमागे पैसे देणाऱ्यांनी बोअरवाल्याकडून ब्रह्मचर्याची अपेक्षा ठेवू नये. पण हे मी सबब म्हणून सांगत नाही. मला ती माती ‘ठाऊक होती’, हाच माझा माज होता, आणि तो मला सात नंबरनं उतरवून दाखवला.

सात नंबर सप्टेंबरात लागलं. मोडक्या गोदामाच्या अंगणात, एका वाळक्या झाडाशेजारी. तीन मीटरवर गोटे-वाळू सुरू झाली. गोट्यांत नळा वेगळा लागतो, तळाला झडप असलेला, आणि भोक ढासळू नये म्हणून बाहेरून पाईप ठोकत जावं लागतं. आवाजही वेगळा. मातीत धप्प, गोट्यांत खळ्ळ. साडेसहावर धप्प यायला हवं होतं. आलं खळ्ळ. सातवर खळ्ळ. आठ. नऊ.

“मालक,” युस्टस म्हणाला, “तुझ्या मातीचं पत्र आलं नाही वाटतं यावेळी.”

दहा मीटरवर पाईप संपले. डेपोला फोन करून आणखी मागवले. तेरावर पुन्हा संपले. पाणी असं की उपसू तितकं भरायचं, नदीच खाली उतरल्यासारखं. एका दिवसाचं काम चार दिवस चाललं. आणि सोळा मीटरवर नळ्यातून काहीतरी पांढरं बाहेर पडलं. गोट्यांच्या मध्ये, लोण्यासारखं मऊ, दुधासारखं पांढरं.

आम्ही दोघं त्याच्याकडे बघत राहिलो. तो खडू होता. लंडनखाली खडूचा दगड आहे, सगळ्यांना माहीत आहे. पण तो त्या भागात पन्नास मीटरच्याही खाली, चिकणमातीच्या आणि आणखी चार थरांच्या तळाशी. सोळावर खडू म्हणजे तळघरातलं पिंप माळ्यावर सापडण्यासारखं.

“लिहिणार काय?” युस्टसनं विचारलं.

“जे आहे ते.”

“विचार कर. हे पबात लिहिलं असतंस तर जास्त खरं वाटलं असतं.”

चिकणमाती लागली साडेएकोणीसवर. सगळं जसं होतं तसं लिहिलं. पांढऱ्याचा गोळा पिशवीत बांधला. त्या चार दिवसांइतकं चोख काम मी जन्मात केलं नव्हतं.

सात संपल्यावर तिसऱ्या दिवशी, तोवर आठ नंबरही झालं होतं, आमचा मुकादमसाहेब क्राउच गाडी घेऊन आला. कोट, टाय, बूट चकाचक. अंगणाच्या दारातूनच ओरडला, चिखलात पाय नको म्हणून.

“टॅप्ली! साडेएकोणीस मीटर गोटे? शेजारी सहा नंबर, आठ नंबर, दोन्हीकडे साडेसहा!”

“होय साहेब. पण इथे साडेएकोणीस.”

“गोट्यांचा दर मातीच्या दुप्पट आहे, ते ठाऊक आहे ना तुला?”

“साहेब, मोजपट्टी घेऊन या. भोक अजून उघडं आहे.”

“भोक उघडं आहे, पण तू कडेचे गोटे आत ओढत बसलास. पाईपाच्या पुढे उपसलंस. अरे, माझ्या आजीला चार दिवस दिले तर तीही साडेएकोणीस मीटर गोटे काढेल. आणि हे खडूचं काय? शाळेतून आणलास?”

“साहेब, तो—”

“खोडलंय मी. साडेसहा लिहिलंय, लाल शाईनं. गोट्यांचे पैसे साडेसहाचेच मिळतील.” आणि गेला.

दोन बोअरांमध्ये रेघ ओढणाऱ्यांची जातच निराळी. सहा नंबरला साडेसहा, आठ नंबरला साडेसहा, पट्टी ठेवली, रेघ ओढली, मधे सातवं आलं तर सात चूक. रेघ सरळ आली की यांना वाटतं जमीन सरळ झाली. याच लोकांची मुलं आता संगणकावर तीच रेघ ओढतात, रंगीत ओढतात, फिरवून दाखवतात. पट्टी तीच. आणि मी तरी कोण मोठा लागून गेलो होतो? माझा बाणही सरळच होता.

आता त्या लाल शाईचा अर्थ सांगतो. बोगदा जायचा होता पंधरा मीटर खोलीवरून. चिकणमातीत बोगदा म्हणजे सुखाचं काम. माती स्वतःच्या पायावर उभी राहते, पाणी येत नाही. माणसं हातानं खणतात. पण तेच खणताना समोरची भिंत अचानक पाण्यानं भरलेल्या गोट्यांची निघाली तर मिनिटाभरात बोगदा भरतो, आणि पुढे असलेली माणसं मागे येत नाहीत.

ती माणसं मला माहीत होती. आयर्लंडच्या डोनेगलची टोळी, त्यांचा म्होरक्या मॅनस बॉइल. त्या आठवड्यात तो ‘बार्जमन’मध्ये भेटला. बशीएवढा तळवा माझ्या पाठीवर आपटला.

“काय रे डेनिस, जानेवारीत तुझ्याच मातीत येतोय. कशी आहे?”

“बरी आहे.”

“बरी? तुमचा तो टायवाला म्हणाला, लोण्यासारखी आहे म्हणून! सुकी आहे ना?”

मी ग्लासात बघत होतो. “मॅनस, अजून कागद पक्के व्हायचेत.”

“कागद! अरे, कागद बघून खणायला लागलो तर माझी पोरं उपाशी मरतील. तू सांगितलंस की झालं.”

मी घरी गेलो आणि जेवलो नाही. रीटाला वाटलं पोट बिघडलंय.

दुसऱ्या सोमवारी आम्ही नऊ नंबरवर असताना सायकलवरून एक बाई आली. तिशीच्या आतली, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, केस रुमालात बांधलेले. बोगद्याचा आराखडा करणाऱ्या ऑफिसातली भूगर्भवाली, हिलरी पार्जेटर. तिच्याबद्दल ऐकलं होतं. तिनं आखलेल्या बोगद्यांत तिला उतरता येत नसे. बाई खाली आली की बोगदा कोसळतो, असं खणणारे मानायचे; ती शिडीवर दिसली तर हत्यारं टाकून वर यायचे. म्हणून ती आमच्यासारख्यांकडे यायची, जे वरूनच खाली बघतात त्यांच्याकडे.

“टॅप्ली तुम्हीच?”

“मीच. चहा घेणार, मिस?”

“घेईन. सात नंबर खरं आहे का?”

“खरं आहे.”

तिनं खिशातून सात नंबरची ती पिशवी काढली. पांढऱ्याचा तुकडा मोडला आणि सरळ तोंडात टाकला. दातांखाली घोळवत राहिली. गाळ आहे की वाळू, ते असंच कळतं. दाताला जे लागतं ते बोटाला लागत नाही.

“मिस,” युस्टस म्हणाला, “माझ्याकडे पॅटिस आहेत. माती कशाला खाता?”

ती हसली आणि थुंकली. “खडूच आहे. कुटलेला.” मग तिनं बुटाच्या टोकानं चिखलात चित्र काढलं. हिमयुगात ही सगळी जमीन गोठलेली होती. खालच्या पाण्यानं जोर केला, चिकणमाती एका जागी फाटली आणि खडूचा लगदा वर ढकलला गेला. मग नदी आली आणि तिनं तो खड्डा गोट्यांनी भरून टाकला. वरून काही दिसत नाही. या शहराखाली असे खड्डे थोडेच सापडलेत, आणि त्यातला एखादा माणसं गिळून सापडलाय.

“मग सांगा ना तुमच्या साहेबांना,” मी म्हणालो.

“सांगितलं. ते म्हणतात, बाकी सगळी बोअर एक सांगतात आणि एकच वेगळं सांगतं. शिवाय त्या एकावर तुमच्याच कंपनीची लाल शाई.” तिनं चहाचा घोट घेतला आणि माझ्याकडे बघितलं. “आता चार नंबरचं बोला.”

मी पहारीवरची माती खरडायला लागलो.

“अकराही नळ्या मी प्रयोगशाळेत दाबून बघितल्या. खाली जावं तशी ही माती घट्ट होत जाते, वरचा भार वाढतो म्हणून. एक, दोन, तीन नंबरात झालीच आहे. चार नंबरात साडेदहा मीटरची माती जेवढ्या ओझ्याला मोडली, जवळजवळ तेवढ्यालाच चोवीस मीटरची मोडली. माती आळशी आहे, टॅप्ली, की बोअरवाला?”

विंच बंद होता. मालगाडीचे डबे एकमेकांवर आदळल्याचा आवाज येत होता.

“चौदापर्यंत खरं आहे,” मी म्हणालो. “खाली माझा बाण.”

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं नुसती मान हलवली. “हे मी सांगितलं तर माझे साहेब म्हणतील, बघा, हा माणूस खोटारडा, म्हणजे सातही खोटं. नाही सांगितलं तर लाल शाई राहते आणि बोगदा साडेसहाच्या हिशोबानं जातो. दोन्हीकडून सात बुडतं.”

“मग?”

“तुम्ही स्वतः लिहून दिलंत तर वेगळं. चार खोटं, सात खरं. एक खोटं खपवायला कोणी दुसऱ्या खोट्याची कबुली देऊन नोकरी घालवत नाही. माझे साहेब मूर्ख आहेत, पण एवढं त्यांना कळतं. त्या कागदाच्या जोरावर मी सातच्या शेजारी दुसऱ्या कंपनीकडून बोअर मारून घेऊ शकेन. त्यात गोटे निघाले तर रेघ वळेल.” ती उठली. “शुक्रवारी नकाशे छापायला जातात. चहा चांगला होता.”

सायकल कोपऱ्यावरून वळली. युस्टसनं इंजिनावरचे पॅटिस उलटे केले.

“ऐकलंस?” मी म्हणालो.

“कान आहेत मला.”

“नोकरी जाईल. तुझीपण.”

“माझी का? माझं नाव कुठंय? एकोणीस वर्षांत एका कागदावर नाही. पहिल्यांदाच बरं वाटतंय त्याचं.”

मला बरं वाटलं. खरंच वाटलं. म्हणालो, “मग मी लिहितो, की दुसऱ्या माणसाचा यात संबंध नव्हता, त्याचा विरोध होता.”

तेव्हा तो भडकला. सहा वर्षांत तेवढा एकदाच बघितला.

“‘दुसऱ्या माणसाचा’! सात नंबरचे पाईप कोणी ठोकले? खडू पहिला कोणी बघितला? तू बघितलास? तू सिगारेट ओढत होतास! एका खोटारड्याच्या सहीवर कोण विश्वास ठेवणार, सांग मला. दोन माणसं हवीत. मी तिथं होतो हे लिही. चारलाही होतो, मेण मी ओतलं, तेही लिही. आणि नाव घाल.”

मी कागद काढला. लॉरीच्या बॉनेटवर ठेवला. लिहायला लागलो आणि थांबलो.

“काय झालं?” तो म्हणाला.

“युस्टस... तुझं आडनाव काय रे?”

सहा वर्षं. सहा वर्षं त्याच्या बायकोच्या हातचं खात होतो. त्यानं वळून बघितलं. मला वाटलं आता पहार उचलतो. मग तो हसायला लागला, पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

“एबँक्स,” तो म्हणाला. “युस्टस एबँक्स. लिही. आणि मालक, अक्षर जरा बरं काढ, माझं नाव आहे.”

गुरुवारी सकाळी कागद पार्जेटरबाईंच्या हातात दिला. शुक्रवारी क्राउच आला. यावेळी चिखलात आला, बुटांसकट. त्यानं काय काय शिव्या दिल्या ते सांगत नाही, त्यातल्या अर्ध्या मला लागूच होत्या. युस्टसला दिलेल्या कुणालाच लागू नव्हत्या. दुपारी लॉरीची किल्ली काढून घेतली आणि आम्ही पायी निघालो. पुढे चार वर्षं मला कोणी मशीनवर उभं केलं नाही. कोळशाची गाडी हाकली. युस्टस पावाच्या कारखान्यात लागला आणि पुन्हा कधी या धंद्यात आला नाही. लंडनच्या जमिनीला त्याच्यासारखं ओळखणारा माणूस पुढची सोळा वर्षं पाव मोजत होता. त्या कागदाबद्दल कोणी आमचे आभार मानले नाहीत, आणि मानायलाही नको होते. निदान माझे.

पण नोव्हेंबरातले ते दोन दिवस माझ्याकडून कोणी काढून घेऊ शकत नाही.

सातच्या शेजारी चार पावलांवर दुसऱ्या कंपनीची तिपाई लागली. रस्त्याच्या बाजूला तारेचं कुंपण होतं. आम्ही दोघं बेकार, कॉलर वर करून कुंपणाला टेकून उभे. हातात कागदी पेल्यात चहा. पलीकडचा बोअरवाला मँचेस्टरकडचा, लाल मिशीवाला. त्यानं दोनदा आमच्याकडे बघितलं.

“कामं नाहीत का रे तुम्हाला?”

“होती,” युस्टस म्हणाला.

तीन मीटरला गोटे लागले. खळ्ळ. आम्ही पाईप मोजत होतो, दीड दीड मीटरचे. चौथा गेला, पाचवा अर्धा गेला, म्हणजे साडेसहा पार झालं. मी कुंपणाची तार घट्ट धरली होती. खळ्ळ. सहावा पाईप गेला. खळ्ळ. मी तार सोडली, पुन्हा धरली. एवढ्यावर क्राउच पुन्हा म्हणाला असता, कडेचे गोटे ओढतोयस म्हणून. बोगदा पंधरावर होता.

सातव्या पाईपाला लाल मिशीवाला थांबला. पाण्याकडे बघितलं, मग त्याच्या दुसऱ्या माणसाकडे, मग आमच्याकडे.

“इथले आहात का तुम्ही? किती खोल जातं हे मेलं?”

माझं तोंड उघडलं. युस्टसनं माझा दंड धरला, इतका घट्ट की चहा सांडला.

“बोलू नकोस,” तो ओठ न हलवता म्हणाला. “आपण सांगितलं तर म्हणतील, आपणच पढवला. त्याचं त्याला सापडू दे.”

“आम्हाला काय माहीत,” मी ओरडून सांगितलं. “आम्ही रस्त्यानं चाललो होतो.”

“दोन तास झाले रस्त्यानं चाललाय तुम्ही!” तो म्हणाला आणि आणखी पाईप आणायला माणूस पाठवला.

दुसऱ्या दिवशी पाऊस होता. बारीक, नोव्हेंबरचा, टोपीतून मानेत उतरणारा. पार्जेटरबाई मशीनपाशी छत्रीखाली उभ्या होत्या. आमच्याकडे बघितलं, ओळख दाखवली नाही. बरोबरच केलं. दहा पाईप गेले, म्हणजे पंधरा. मॅनसच्या टोळीची वाट जिथून जायची होती तिथून अजून गोटे येत होते आणि पाणी येत होतं. अकरा. बारा. युस्टसनं डबा उघडला, अर्धा पॅटिस मला दिला. थंडगार. पण त्या मशीनवर गरम करायला जागा आमची नव्हती.

तेरावा पाईप ठोकून झाला आणि नळा खाली गेला. आम्ही दोघांनी एकदमच मान वर केली. धप्प. पुन्हा उचलला, सोडला. धप्प. ओला, बंद, जड आवाज. तो आवाज मी झोपेतही ओळखला असता.

“साडेएकोणीस,” युस्टस म्हणाला. अगदी हळू, स्वतःशीच.

लाल मिशीवाला अजून भोकात मोजपट्टी सोडत होता. पार्जेटरबाई वाकून आकडा बघत होत्या. आमचा आकडा आम्हाला मिळाला होता. युस्टसनं टोपी झटकली, रिकामा पेला चुरगाळला आणि म्हणाला, “चल डेनिस, पाय गारठले.”

मालक म्हणाला नाही.